काळीतली खोली

नोकरीत मी काय करत होते असं कुणी विचारलं की मी सांगते, काळ्या कांड्यांची लांबी मोजत होते. लोकांना वाटतं मी टाळते आहे. पण खरंच तेच काम होतं. बोटाएवढी ग्राफाइटची कांडी अणुभट्टीत घालण्याआधी मोजायची, न्यूट्रॉनचा मार खाऊन ती बाहेर आली की जाड काचेआडून पुन्हा मोजायची, आणि मधल्या काळात ती आकसली की फुगली ते बघायचं. फरक केसाच्या जाडीपेक्षाही कमी असायचा. तेवढ्यासाठी मी जेवणं चुकवली, लग्नकार्यं चुकवली आणि हाताखालच्या पोरांचं डोकं खाल्लं. एखाद्या गोष्टीचं कारण कळलं नाही की मी स्वतः स्वस्थ बसत नाही आणि दुसऱ्यालाही बसू देत नाही. हे माझं जुनं दुखणं आहे.

त्या दुखण्याचा पहिला मोठा झटका मला लातूरला आला, बाबांनी माझ्यासाठी बांधलेल्या खोलीत.

आम्ही मूळचे बिलोलीकडचे. गावाबाहेर माळाच्या कडेला आमची वस्ती होती. मुरमाड, खडकाळ जागा, कुसळाशिवाय तिथे काही उगवायचं नाही. गावाची काळी जमीन दुसऱ्यांची होती. आमच्या माणसांनी पिढ्यानपिढ्या ती निंदली, खुरपली, तिच्यातलं पीक कापलं, आणि संध्याकाळी परत मुरमावर येऊन भाकरी थापली. माझ्या जन्माआधीच घराने धम्म स्वीकारला होता. आजोबांनी हट्टाने बाबांना शाळेत घातलं आणि बाबा तहसील कचेरीत कारकून झाले. तरी गावात पाऊल टाकलं की घर कुठल्या अंगाला, हा प्रश्न आधी यायचा. नाव नंतर विचारायचे.

म्हणून लातूरचा नवा जिल्हा झाला तेव्हा बाबांना जितका आनंद झाला तितका कलेक्टरलाही झाला नसेल. नव्या कचेऱ्यांना माणसं हवी होती. लोक बदली रद्द करून घ्यायला खेटे घालतात, बाबांनी करून घ्यायला घातले. शहराबाहेर कुणाच्या तरी रानात चुन्याच्या रेघा मारून प्लॉट पाडले होते, त्यातला एक त्यांनी घेतला. एका बाजूला शाळामास्तर, दुसऱ्या बाजूला एस.टी.चा कंडक्टर, समोर पोलीस. सगळे बदलीवर आलेले, कुणाला कुणाची आळी ठाऊक नाही. "इथं समदे एकाच टायमाला आलेत," बाबा म्हणायचे. त्यांना तेवढं पुरेसं होतं.

घर तीन खोल्यांचं. पुढची बैठकीची, मधलं स्वयंपाकघर, आणि मागची माझी. आमच्या घराण्यात कुणाला स्वतःची खोली असल्याचं कुणी ऐकलेलं नव्हतं. मी तेव्हा नांदेडला होस्टेलवर राहून एम.एस्सी. करत होते. बाबांनी सगळं मनात रचून ठेवलं होतं. एम.एस्सी. झालं की नव्या जिल्ह्यात भरती निघणार, मी टायपिंगची परीक्षा द्यायची, कलेक्टर कचेरीत लागायचं, आणि सकाळी बापलेकीने एकाच रस्त्याने ऑफिसला जायचं. मला मात्र मुंबईला जायचं होतं. तिथल्या मोठ्या सरकारी प्रयोगशाळेत भौतिकशास्त्राची पोरं घेतात, मुलाखत घेतात, वर्षभर शिकवतात आणि मग कामाला लावतात, हे मला आमच्या सरांनी सांगितलं होतं. त्या दिवसापासून नांदेड अंगाला टोचायला लागलं आणि लातूर तर त्याहून जास्त. बाबांनी खोली बांधायला काढली हे ऐकल्यावर मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही.

सरांनीच मला सेमिनारला ग्राफाइट दिलं होतं. कुठल्या तरी परदेशी मासिकातल्या लेखाची पुसट झेरॉक्स हातात ठेवली आणि म्हणाले, पाठ करू नकोस, समजून घे. मी दोन्ही केलं असं मला वाटत होतं.

ग्राफाइट म्हणजे पेन्सिलीतलं शिसं म्हणतात तेच, फक्त भट्टीसाठी फार शुद्ध केलेलं. त्यात कार्बनचे अणू षटकोनी जाळीत बसलेले असतात आणि अशा जाळ्या एकीवर एक रचलेल्या असतात, भाकरींची चळत असते तशा. एका जाळीतले अणू एकमेकांना घट्ट धरून असतात. वरच्या आणि खालच्या जाळीचं मात्र फारसं सख्य नसतं, म्हणून तर पेन्सिल कागदावर घसरते. भट्टीत युरेनियममधून सुटलेले न्यूट्रॉन फार जोरात असतात, त्यांचा वेग कमी करायला ग्राफाइटच्या विटा रचतात. न्यूट्रॉन विटांना धडका देत धिमे होतात, पण धडक ज्याला बसते त्याचं काय होतं ते कुणी बघायचं? अणू आपल्या जागेवरून उडतो आणि दोन जाळ्यांच्या मधे जाऊन अडकतो. असे पुष्कळ अणू अडकले की एकत्र येऊन तिथे नवीन जाळी धरू लागतात आणि जुन्या जाळ्यांना दूर लोटतात. इकडे ज्या जाळीतून अणू गेले तिच्यात भोकं पडतात आणि ती आखडते. म्हणजे प्रत्येक स्फटिक एका दिशेने जाड होत जातो आणि दुसऱ्या दिशेने अरुंद.

इथवर मी फळ्यावर झकास सांगितलं. मग आलेख काढला. अख्खा ठोकळा भट्टीत ठेवला तर त्याचा आकार आधी कमी कमी होत जातो, मग एका जागी रेघ थबकते, वळते, आणि ठोकळा फुगायला लागतो. फुगत फुगत मूळ मापाच्याही पुढे जातो आणि शेवटी ठिसूळ होऊन तडकतो. आलेख वाटीसारखा दिसतो. मी खडू खाली ठेवला.

सर मागच्या बाकावर बसले होते. त्यांनी विचारलं, "स्फटिक पहिल्या दिवसापासून जाड होतोय म्हणालीस. मग ठोकळा आधी आकसतो का?"

मी म्हटलं, जाळी आखडते म्हणून.

"ते झालं रुंदीचं. जाडी कुठे जाते?"

लेखात एक शब्द होता, सामावून घेण्याच्या अर्थाचा, पण मी तो वाचून तसाच पुढे गेले होते. सर ओरडले नाहीत, हसलेही नाहीत, म्हणाले विचार कर आणि सांग. हे जास्त वाईट. ओरडले असते तर मी रडून मोकळी झाले असते. त्या दिवसापासून जाडी कुठे जाते हा प्रश्न माझ्या मागे लागला. मेसमध्ये ताटावर बसले तरी तो शेजारी बसायचा. गोदावरीच्या घाटावर मैत्रिणी गप्पा मारायच्या आणि मी पायरीवर खडूने थर काढत बसायचे. टायपिंगच्या क्लासला माझ्या बोटांनी काय बडवलं असेल ते त्या मशिनलाच ठाऊक.

उन्हाळ्याच्या सुट्टीत लातूरला गेले ती ही अशी. लोहा, अहमदपूर, चाकूर, सगळ्या रस्त्याने रानं करपलेली. पाऊस नीट न झाल्याचं ते पहिलं साल नव्हतं. प्लॉटवर टँकर यायचा आणि बायका भांडी घेऊन आधीच उभ्या असायच्या. अशा दिवसांत बाबांनी घर बांधलं. विटांच्या भिंतींना पाणी मारावं लागतं, नाहीतर सिमेंट धरत नाही. पाणी कुठून आणायचं? आई मोठ्या घमेल्यात बसून अंघोळ करायची, बाबाही तिथेच करायचे, आणि ते साबणाचं पाणी तांब्याने भिंतीवर मारायचे. मी गेल्यावर माझीही अंघोळ भिंतीला जायला लागली. माझ्या खोलीच्या भिंतींना कितीतरी दिवस लाइफबॉयचा वास येत होता.

खोलीच्या दारावर बाबांचा फार जीव. सागवानी फळ्या त्यांनी बिलोलीकडच्या ओळखीच्या सुताराकडून आणवल्या आणि चौकटीत दार इतकं घट्ट बसवून घेतलं की सुतारच म्हणाला, थोडी फट ठेवू. बाबा म्हणाले, नको. पोरीची खोली आहे, वारा नको, धूळ नको. त्यांनी मला दाराच्या कडेने नख फिरवायला लावलं. "बग, सुई जाणार न्हाई," म्हणाले. खरंच जात नव्हती. खिडकीला जाड गज होते. मी आत उभी राहिले, दार लावलं, आणि लगेच पुन्हा उघडलं. बाबांना मात्र मी म्हटलं, छान झालंय. ते कौतुकाने भरलेल्या डोळ्यांनी दाराकडेच बघत होते.

आणि मग भेगा. काळी माती वाळली की कशी भेगाळते हे आम्ही रानात बघितलेलं, पण घराच्या दाराशी कधी बघितलेलं नव्हतं. माळावर मुरूम, तो कशाला उलतोय. इथे अंगणात हातभर खोल भेगा पडल्या होत्या. पायाच्या कडेने पडल्या होत्या, उंबऱ्याखाली गेल्या होत्या. आईचा एक पितळी चमचा हातातून सुटून भेगेत गेला तो गेलाच, खाली पडल्याचा आवाजसुद्धा आला नाही. एकदा विंचू निघाला. आई पाय उचलून चालायला लागली.

बाबांनी ठरवलं, भेगा बुजवायच्या. "घराभवती अशी भोकं असल्यावर घर कशावर हुबं राहील?" हा त्यांचा हिशेब अगदी सरळ होता, आणि मुरमावरच्या माणसाला दुसरा हिशेब सुचणारही नव्हता. आमच्याकडे खड्डा पडला की दगड, मुरूम भरायचा आणि ठोकायचा, काम संपलं. काळीत राबण्याचा अनुभव आमच्या सात पिढ्यांना होता, काळीत राहण्याचा एकालाही नव्हता. खरं म्हणजे तो कुणालाच नव्हता. आपल्याकडे गाव बसतं पांढरीत, म्हणजे पांढऱ्या मातीच्या जागेवर, आणि काळीत पिकवायचं, ही रीत वस्तीवाल्यांना आणि वाड्यावाल्यांना सारखीच. नव्या जिल्ह्याने पहिल्यांदा माणसांना चुन्याच्या रेघा मारून काळीत राहायला पाठवलं.

सुट्टीच्या दिवशी बाबा कचेरीचा शर्ट खुंटीला टांगून बनियनवर अंगणात उतरायचे. गाडीभर मुरूम आणि विटांचे तुकडे आणले होते. आई टोपल्याने भेगेत ओतायची, बाबा लोखंडी सबलीने, म्हणजे पहारीने, ठोसून ठोसून बसवायचे. माझ्या खोलीच्या बाजूचं काम त्यांनी सगळ्यात मन लावून केलं. मी खिडकीत झेरॉक्स घेऊन बसलेली असायचे आणि बाहेर धप्प धप्प चाललेलं असायचं, डोकं उठायचं. मास्तर कुंपणापाशी येऊन बघून गेले आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडेही धप्प धप्प सुरू झालं. मग कंडक्टरकडे. आठवडाभरात सगळी गल्ली भेगा ठोसत होती आणि बाबा लोकांना सबल कशी धरायची ते दाखवत फिरत होते. गावात त्यांना कुणी काही दाखवायला बोलावलं नव्हतं. मी चिडचिड करत होते तरी त्यांचा चेहरा मला दिसत होता.

सुट्टी संपली, मी नांदेडला आले, परीक्षा दिली. पाऊस आला तेव्हा मी तिथेच होते. चांगला झाला म्हणतात. माझं लक्ष पोस्टमनकडे लागलेलं होतं.

मुंबईच्या मुलाखतीचं बोलावणं आलं आणि त्याच आठवड्यात लातूरच्या टायपिंगच्या परीक्षेचंही. दोन्ही एकाच दिवशी. मी होस्टेल सोडून सामान घेऊन लातूरला गेले आणि बाबांना दोन्ही कागद दाखवले. त्यांनी टायपिंगचा आधी वाचला. मग दोन्ही कागदांच्या घड्या घालून मला परत दिले. म्हणाले, जायचं असेल तर जा, आई सोबत येईल, मला रजा मिळणार नाही. मुंबईला मामा होते, ते स्टेशनवर येणार होते. बाबांनी नाही म्हटलं नव्हतं आणि हो म्हणतानाचा त्यांचा आवाज मी ऐकला होता. संध्याकाळी जेवताना कुणीच धड जेवलं नाही. मला भांडायचं होतं आणि भांडायला कुणी मिळत नव्हतं. मी खोलीत गेले आणि दार सगळा जोर लावून आपटून बंद केलं.

पावसाने आधीच हट्टी झालेलं ते दार बसायच्या जागी एकदाचं बसलं.

सकाळी लवकर छोट्या रेल्वेने निघायचं होतं. लातूरहून तेव्हा ती हळूबाई गाडी कुर्डुवाडीपर्यंत जायची आणि तिथे मुंबईची मोठी गाडी मिळायची. ही चुकली की मुलाखत चुकली. मी वेणी घालून, पेटी बंद करून दाराची कडी काढली आणि ओढलं. दार हललं नाही. पुन्हा ओढलं. आईला हाक मारली. आईने बाहेरून ढकललं. मग बाबा आले, त्यांनी खांदा लावला. दार जणू भिंतीचाच भाग झालं होतं. आईने फटीत गोडेतेल सोडायचं म्हणून बघितलं तर फट कुठे होती? खिडकीच्या गजांतून तिने मला चहा दिला. तशा अवस्थेतही ती म्हणाली, पिऊन घे, निवेल.

मी पेटीवर बसून चहा पीत समोर बघत राहिले, कारण दुसरं काही करता येत नव्हतं. तेव्हा मला दिसलं की उंबरा मधेच उचलला गेला होता. कोपऱ्यातली फरशी टेकाडासारखी वर आली होती. चौकटीच्या एका कोपऱ्यातून भिंतीत तिरपा तडा निघून वर गेला होता आणि चौकट पतंगासारखी तिरकी झाली होती, तिच्यात दार आवळलं होतं. भिजल्यावर काळी फुगते हे मला माहीत होतं. पण ती दर वर्षी फुगते. रानात दर पावसाळ्यात फुगते आणि बांध उचलत नाही, झाड उचलत नाही. का? कारण आधी भेगा असतात. फुगलेली माती आधी स्वतःच्या भेगांत जाते. भेगा मिटतात, वरून जमीन आहे तेवढीच दिसते. आमच्या भेगांत बाबांनी मुरूम ठोसला होता.

जाडी कुठे जाते. फटींत जाते. ग्राफाइटचा ठोकळा भाजून तयार करताना, थंड होताना त्याच्या थरांमधे बारीक बारीक चपट्या फटी पडतात, हे त्याच लेखात होतं, दुसऱ्या पानावर, आणि मी त्याला बनवण्यातला दोष समजले होते. स्फटिक जाड होतात ते आधी या फटी भरत जातात. म्हणून बाहेर जाडी दिसतच नाही, नुसतं आखडणं दिसतं. फटी भरून संपल्या की जाडीला जायला जागा उरत नाही. तिथे रेघ वळते.

मी हसायला लागले. मोठ्याने. खोलीत एकटी, बंद दाराआड, गाडीची वेळ होत आलेली. बाहेर आई घाबरली आणि बाबांना म्हणाली, पोरगी येडी झाली. मला खरंच वेड्यासारखा आनंद झाला होता. सर नांदेडला होते, नाहीतर मी त्यांना खिडकीतून हाक मारून सांगितलं असतं. तो आनंद घोटभर चहा संपेपर्यंत टिकला, मग गाडी आठवली.

बाहेर बाबा मेण आणायला गेले, रंधा शोधायला गेले, परत आले. प्रत्येक वेळी मला त्यांची पावलं सावकाश वाटत होती. मास्तरांना उठवू का, सुताराला बोलावू का, असं आईशी बोलत होते. मग दाराजवळ येऊन त्यांनी शांतपणे म्हटलं, "फिकर करू नको. गाडी उद्या बी हाय."

थंड असताना मारा बसलेल्या ग्राफाइटमध्ये जागेवरून हललेल्या अणूंची ताकद आत साठून राहते आणि जरा तापवलं की ती एकदम बाहेर पडते, हेही मी त्या लेखात वाचलं होतं. माझं त्या क्षणी तेच झालं. वर्षभर साठवलेलं सगळं त्या दारावर गेलं. मी दोन्ही मुठींनी दार बडवलं आणि म्हणाले, "बाबा, तुम्हाला मी जायलाच नको आहे. म्हणून तुम्ही हे दार असं केलंत."

हे खरं नव्हतं आणि अगदी खोटंही नव्हतं. मग बाबांची पावलं दूर गेली. मला वाटलं, गेले ऑफिसला. राग होताच आणि त्याहून जास्त भीती वाटत होती, की आता मी या खोलीत राहणार, याच रस्त्याने जाणार, आणि ज्यांनी अंघोळीचं पाणी घालून ही भिंत उभी केली त्यांच्यावर जन्मभर चिडत राहणार.

पावलं परत आली. खिडकीतून आई म्हणाली, सबल आणली गं त्यांनी.

बाबांचा आवाज दाराला चिकटून आला. "माय, मागच्या भिताडाकडं सर. पेटी बी घे."

मी सरले. पहिला घाव चौकटीच्या शेजारी विटांवर बसला, प्लास्टर खोलीभर उडालं. दुसरा, तिसरा. उन्हाळ्यात जी सबल भेगेत धप्प धप्प करत होती ती आता भिंतीत शिरत होती आणि आवाज तोच होता. चौकटीचा वरचा कोपरा सुटला, सागवानी फळी उभी चिरली, आणि सबलीचं टोक आत आलं. मग बाबांनी हातांनी विटा ओढल्या. त्या भोकातून मला आधी त्यांचा हात दिसला, मग चेहरा, सगळा धुळीने पांढरा. ते रडत होते की डोळ्यांत चुना गेला होता, मी विचारलं नाही. त्यांनी हात पुढे करून पेटी घेतली, मग मला विटांवरून बाहेर काढलं.

बोलायला वेळ नव्हता. सायकलच्या कॅरियरवर पेटी ठेवून ते चिखलातून पळत होते आणि मी आणि आई मागून पळत होतो. गल्लीतली दोन-तीन माणसं आपापल्या दाराशी झटत होती, कारण भेगा सगळ्यांनीच ठोसल्या होत्या. मास्तरांनी उघड्या खिडकीतून विचारलं की तुमचंही अडलं का. बाबा पळतच राहिले. गाडी फलाटावर होती, नेहमीप्रमाणे उशिरा सुटणार होती. खिडकीशी उभे राहून बाबा आईला म्हणाले, डबा वेळेवर खा, उतरल्यावर मामाला नीट शोधा. माझ्याकडे त्यांनी बघितलं आणि माझ्या केसांतला विटेचा चुरा बोटांनी झटकला. गाडी हलली तेव्हा मला पहिल्यांदा रडू आलं. आई म्हणाली, आता कशाला रडतीस, आता तर चाललीस.

मुलाखतीत निम्म्याहून जास्त प्रश्न मला यथातथाच आले. मग एकाने माझा सेमिनारचा विषय बघून तोच आलेख काढायला लावला आणि वळणावर बोट ठेवून विचारलं, इथे काय होतं. मी फटींबद्दल सांगितलं, आणि मग अडवायच्या आत काळ्या मातीबद्दलही सांगून टाकलं. दुसरे एक गृहस्थ म्हणाले, मातीच्या भेगा उन्हाळ्यात पुन्हा पडतात, तुझ्या ग्राफाइटचं तसं होतं का? मी म्हटलं, नाही, तिथेच दोघांचं जुळत नाही. खूप तापवलं तर काही अणू परत जागेवर येतात, पण दूर जाऊन ज्यांनी नवा थर धरला ते येत नाहीत. म्हणून भट्टी बांधतानाच विटांच्या मधे जागा सोडावी लागते, नाहीतर भट्टी काबूत ठेवणारे रॉड जायच्या वाटाच वाकड्या होतात आणि रॉड अडकतो. "कशावरून?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, काल मी स्वतः अडकले होते. त्यावर ते हसले की नाही हे मला आठवत नाही. त्यांनी मला घेतलं.

पहिल्या रजेला लातूरला गेले तेव्हा हिवाळा होता. बाबांनी भिंत नीट बांधून प्लास्टर केली होती. अंगणात पुन्हा बारीक भेगा दिसत होत्या. त्यांनी त्या तशाच ठेवल्या होत्या, फक्त चालायच्या वाटेवर फळ्या टाकल्या होत्या. गल्लीत लोक त्यांना अजून चिडवत होते, आणि ते हसून ऐकून घेत होते. आईने सांगितलं, पावसाळ्यात तो चमचा कोपऱ्याशी वर आला, काळीने आपला आपण आणून दिला.

माझ्या खोलीला मात्र दार नव्हतं. चौकटसुद्धा नव्हती. भिंतीत नुसती मोकळी जागा होती, चांगली ऐसपैस, आणि तिला आईच्या जुन्या लुगड्याचा पडदा. चिरलेल्या सागवानी फळ्या बाबांनी फेकल्या नव्हत्या, त्यांचं माझ्यासाठी टेबल करून घेतलं होतं. मी विचारलं, दार का नाही बसवलं, आता फट ठेवून बसवता आलं असतं.

बाबा माझी पेटी उचलत म्हणाले, "काळीचा भरवसा न्हाई, माय. तू येणार, जाणार. मधी अडायला नको."

मग त्यांनी खांद्याने पडदा बाजूला केला आणि पेटी आत नेऊन टेबलाशेजारी ठेवली.